दोन हयातींचा किताब

पार्सिपनी, न्यू जर्सी
गुरुवार, ७ जून २००७

चि. आश्लेषा हिला आईचे आशीर्वाद. अरुणलाही. रुहीला पापा.

त्या सकाळी मी आधी रिसायकलिंगचे निळे डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले. मग खाली जाऊन धुतलेल्या चादरी ड्रायरमध्ये टाकल्या आणि वर येऊन कढीसाठी सोलं भिजत घातली. तुझे बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात जुनं वर्तमानपत्र, वाटीत कोळलेली चिंच आणि हातात ती घराण्याची चांदीची मुद्रा. ती ते स्वतःच घासायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, द्या इकडे, भांड्यांबरोबर घासून टाकते. तर म्हणाले, "ही काय तुझी फोडणीची पळी आहे?" मग मुद्रा खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मला तिच्यावरच्या ढालीचा वरचा कोपरा दाखवला. बघ, इथं काही नाही. थोरल्या पातीचा कोपरा कोरा असतो. संजीवनं ही ढाल वापरली तर त्याला इथं छोटा चौकोन काढावा लागेल, धाकट्याची खूण म्हणून. हे त्यांनी मला लग्नापासून किती वेळा सांगितलं असेल. मी हो हो म्हटलं आणि चादरी आणायला खाली गेले.

त्या सकाळी एवढंच झालं. पुढच्या आठवड्यात ते हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत, म्हणून ती लक्षात राहिली आहे.

तू फोन उचलत नाहीस. मशीनवर निरोप ठेवायला मला जमत नाही, बीप वाजली की काय बोलायचं तेच विसरते. म्हणून लिहायला बसले. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. अडलं तर अरुणकडून वाचून घे. त्याची शाळा फोंड्याची, त्याला अडायचं नाही.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण लायब्ररीपर्यंत चालत जाते. दुपार तिथंच जाते. समोरच्या घरातल्या पटेलबाई भारतात गेल्या आहेत, त्यांच्या टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे. उन्हाळा बरा लागला आहे.

आता जे सांगायचं आहे ते. शनिवारी संजीवभावजी आणि दीपा टेक्सासमधल्या प्लेनोहून येताहेत. एकटे नाही. लिस्बनचे एक वयस्कर गृहस्थ आहेत, फाल्कांव म्हणून. रविवारी नेवार्कला पोर्तुगीज लोकांची मिरवणूक असते, त्यासाठी ते आपल्या भाचीकडे आले आहेत. लिस्बनमध्ये जुन्या घराण्यांच्या किताबांची नोंद ठेवणारी एक खासगी मंडळी आहे, तिचे ते सभासद. सरकारचा तिच्याशी संबंध नाही. पण कुठल्या किताबाचा आजचा वारस कोण, हे ती मंडळी ठरवते, आणि ज्यांना या गोष्टींचं महत्त्व वाटतं ते लोक ते मानतात. भावजींना ते फार वाटतं. शनिवारी दुपारी ते फाल्कांवना आपल्याकडे जेवायला आणणार आहेत. त्यांना मुद्रा पाहायची आहे, आणि मला एक प्रश्न विचारायचा आहे.

प्रश्नाकडे येते. आधी किताबाचं सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही. तुझे बाबा सांगायचे ती गोष्ट होती. मी वाचलं ते सांगते.

बाबा गेल्यावर घरात बसवेना. लायब्ररीत जाऊन आधी मी ढालींवरची इंग्रजी पुस्तकं वाचली. मग तिथल्या बाईंनी दुसऱ्या एका विद्यापीठातून पोर्तुगीज घराण्यांचा जाडजूड ग्रंथ मागवून दिला. माझं पोर्तुगीज म्हणजे गोव्यात लहानपणी प्राथमिक शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकले तेवढंच. शब्दकोश घेऊन बसले. दुपारभर बसलं की एक परिच्छेद सरकायचा. मुद्रेवरच्या बारीक रेघा उगाच नक्षी म्हणून नसतात, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं. कोरीवकामात रंग देता येत नाही, म्हणून रेघांनी रंग सांगायचे. आडव्या रेघा म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं, तिरप्या रेघा म्हणजे हिरवा. आपल्या ढालीच्या वरच्या अर्ध्यात निळ्यावर पांढऱ्या लाटा आहेत, ती वेळुशीची नदी. खालच्या अर्ध्यात सोन्यावर हिरवी पोफळ. इतकी वर्षं मी ती मुद्रा काळी-पांढरी बघत होते.

बाबांच्या पणजोबांनी वेळुशीच्या नदीवर पूल बांधून दिला, म्हणून पोर्तुगालच्या राजानं त्यांना व्हिस्कोंद, म्हणजे उमराव केलं. शेंडी आणि कानात भिकबाळी असलेला व्हिस्कोंद. इथपर्यंत बाबांची गोष्ट खरी आहे. पुढं ग्रंथात आपल्या घराण्याच्या नोंदीत चार शब्द आहेत, ते बाबांनी कधी सांगितले नाहीत. त्यांना ठाऊक होते की नव्हते, मला माहीत नाही. किताब दोन हयातींपुरता दिला होता. त्या काळी तशी रीत होती. कुणाला एका हयातीपुरता, कुणाला दोन, थोड्यांना कायमचा. पहिली हयात पणजोबांची. दुसरी बाबांच्या आजोबांची. ते वारले तेव्हा किताब संपला. तिकडे राजाही केव्हाच गेला होता. तुझे बाबा त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले.

आणि ते स्वतःला चौथा व्हिस्कोंद म्हणायचे. अरुणचं नाव तू पहिल्यांदा घरात काढलंस, तेव्हा काय बोलले होते ते तुला आठवतंय. त्याचे आजोबा आपले मुंडकार, आपल्या भाटात, नारळीच्या बागेत घर बांधून राहिलेले, त्यांच्या बापानं व्हिस्कोंदांची मंचील, पालखीच ती, खांद्यावर वाहिली. त्या घरात व्हिस्कोंदाची मुलगी जाणार नाही. तू गेलीस. ते शेवटपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. ज्याच्यासाठी बोलले नाहीत ते त्यांच्या जन्माआधीच मोडीत निघालेलं होतं. हे मी लायब्ररीत वाचलं तेव्हा पुस्तक मिटून परत दिलं आणि घरी आले. सांगायला घरी कोणी नव्हतं.

आता प्रश्न.

किताब कायद्यानं संपला तरी ती लिस्बनची मंडळी घराण्याचा प्रमुख कोण, एवढं मानते. त्यांचा नियम असा आहे की थोरल्याला मुलगा नसेल तर मुलगी. मुलगीही नसेल तरच भावाकडे जायचं. बायकांची ढाल निराळ्या आकाराची असते, शंकरपाळ्यासारखी. लग्न न झालेल्या मुलीच्या शंकरपाळ्याचा अर्धा भाग पूर्वी कोरा ठेवत, पुढं नवऱ्याची चिन्हं यावीत म्हणून. म्हणजे त्यांच्या हिशेबानं बाबांच्या मागून तू आहेस. भावजी नाहीत.

भावजींना हे फाल्कांवांच्या पत्रातून कळलं आणि त्यांनी मला फोन केला. आवाज अगदी गोड होता. म्हणाले, "वहिनी, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी. म्हातारा विचारेल, मोरेश्वरांना संतती? तुम्ही नाही म्हणायचं. की संपलं."

मी म्हटलं, "आश्लेषा आहे."

"ती आहे हो. पण दादाच्या लेखी होती का?"

मग त्यांनी समजावलं. घरच्या माणसाचा शब्द ते लोक मानतात, विधवेचा सगळ्यात जास्त. दुसरं कोणी सांगायला नाही. तुला तर या सगळ्याचं काही देणंघेणंच नाही, मग तुझं काय जातंय? मागून दीपानं फोन घेतला. ती म्हणाली, "वहिनी, दोन वर्षांत त्या मुलीनं तुमचा फोन उचललाय का? दर रविवारी तुम्हाला कोण फोन करतं?"

ते खरं आहे, आशू. दर रविवारी तेच फोन करतात. बाबा गेल्यावर महिनाभर येऊन राहिले, माझे टॅक्सचे कागद केले, मला हायवेवर गाडी चालवायला शिकवली. बर्फ पडलं की प्लेनोहून फोन करून इथल्या एका मुलाला फावडं घेऊन पाठवतात. दुसरं कोणी माझी चौकशी करत नाही. आणि शनिवारी मी 'नाही' म्हटलं नाही तर हेही बंद होईल, हे त्यांनी न बोलता मला कळेल असं सांगितलं आहे.

फ्युनरल होममध्ये वाटलेल्या त्या छापील कागदावर 'पश्चात पत्नी आणि बंधू' एवढंच होतं. तू तो घडी घालून खुर्चीवर ठेवलास आणि निघून गेलीस. तो भावजींनी छापून घेतला होता. त्याबद्दल मला आणखी लिहायचं आहे, पण आज लिहीत नाही.

शनिवारी मी काय म्हणेन हे तुला कळवायला हवं, असं वाटतं. पण ते मलाच अजून ठाऊक नाही. सकाळी एक ठरतं, संध्याकाळी दुसरं. एका शब्दाचं तर काम आहे.

भाज्यांचं खतखतं करणार आहे. तिरफळं आहेत घरात.

तुझी
आई

•

पार्सिपनी
रविवार, १० जून २००७

चि. आश्लेषा,

गुरुवारचं पत्र टाकलं. अजून तुझ्या हाती पडलं नसेल. काल काय झालं ते आजच लिहून ठेवते. उद्यावर टाकलं तर मी ते थोडं सोपं करून लिहीन, मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

भावजी आणि दीपा सकाळीच आले. दीपानं येतानाच दिवाणखाना पाहिला आणि कोपऱ्यातल्या मेजावरचा तुझा फोटो उचलून कपाटात ठेवला. तू बारा-तेरा वर्षांची असतानाचा, सायकलवरचा. म्हणाली, "जेवण होईपर्यंत, वहिनी. उगाच प्रश्न नकोत." मी खोबरं वाटत होते. त्या नादात पाणी जास्त पडलं आणि वाटण पातळ झालं.

फाल्कांव बारा वाजता आले. ऐंशीच्या पुढचे असतील. काठी, टाय, कोटाच्या खिशात भिंग. त्यांची भाची त्यांना सोडून गेली. तरुणपणी दोन वर्षं पणजीला नोकरीला होते असं निघालं. खतखत्याचा वास येताच त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि त्याचं नाव घेतलं, मोडकंतोडकं, पण घेतलं. भावजींना ते आवडलं. त्यांना वाटलं काम सोपं झालं. जेवताना भावजी इंग्रजीत पुलाची, राजाची गोष्ट सांगत होते आणि म्हातारा मान हलवत जेवत होता. दोनदा वाढून घेतलं. दीपा माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारायची, आता काढू का विषय? मी आणखी कढी वाढायची.

जेवण झाल्यावर भावजींनी आधी स्वतःचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. जाड कागद, वर सोनेरी ठशात आपली ढाल आणि व्हिस्कोंदाचा मुकुट. त्यांनी ते गेल्या वर्षीच छापून घेतलंय, प्लेनोच्या ऑफिसात सगळ्यांना देतात. फाल्कांवांनी भिंग काढलं, कार्डाचा कोपरा पाहिला आणि हसले. म्हणाले, ही ढाल तर तुमच्या भावाची आहे. तुमच्या ढालीत इथं खूण हवी होती. भावजी म्हणाले, म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं. दीपा हसली. फाल्कांव हसले नाहीत. त्यांनी मुद्रा मागितली.

मी ती आणून दिली. त्यांनी ती पालथी घातली, भिंगातून पाहिली, अंगठा फिरवून पाहिला. उत्तम काम आहे म्हणाले. मग मंडळीचं काम कसं चालतं ते सांगितलं. किताब दोन हयातींचा होता आणि तो कधीच संपला, हेही त्यांनी सांगितलं. मी भावजींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांना ते ठाऊक होतं. बाबांना ते सांगितलं होतं का, हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण ती वेळ नव्हती.

आता राहतो तो घराण्याचा प्रमुख कोण एवढाच प्रश्न, फाल्कांव म्हणाले.

भावजी म्हणाले, "मीच. दादाला अग्नी मी दिला."

म्हाताऱ्याला ते समजलं नाही. भावजींनी समजावून सांगितलं. आमच्यात वारस कोण ते तिथं ठरतं. मुलगा अग्नी देतो, मुलगा नसेल तर भाऊ. सगळ्या नातलगांसमोर मी ते केलं, कोणी हरकत घेतली नाही. हे ते अगदी मनापासून सांगत होते, आशू. त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटतं. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं, म्हणून तर तू मागच्या रांगेत उभी होतीस आणि मी तुला पुढं ये म्हटलं नाही.

फाल्कांवांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुमच्या रीतीचा मान आहे, पण आमच्याकडे अग्नी कोणी दिला हे विचारत नाहीत. मूल आहे का, एवढंच विचारतात.

मग ते खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले आणि पोर्तुगीजमध्ये बोलले. सावकाश, शाळेतल्या मास्तरांसारखं. मला प्रत्येक शब्द कळला. तुमच्या दिवंगत पतींना संतती आहे का, सेन्योरा?

भावजींना भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, दादाचे शब्द आठवा."

आता ते लिहिते. गुरुवारी लिहिलं नाही ते हे.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात भावजी बाबांच्या उशाशी बसले होते. माझ्या मांडीवर संत्रं होतं, मी सोलत होते. भावजींनी विचारलं, दादा, छापायला द्यायचं झालं तर आशूचं नाव घालायचं ना? भावजींनीच विचारलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. बाबा छताकडे बघत होते. म्हणाले, "मला मूल नाही." भावजी माझ्याकडे बघत राहिले. मी संत्र्याच्या फोडी बशीत मांडल्या.

तू त्या कागदासाठी भावजींना दोष देतेस. मी तो दोष तुला देऊ दिला. तुझ्या मनातले बाबा आहेत तेवढे तरी राहावेत असं वाटलं. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं, डोळ्यांत पाणी आलं, हात पुढं केला, असं काही मला लिहिता आलं असतं. तसं काही झालं नाही. त्यानंतर ते चार दिवस होते. सूप मागितलं, खिडकीचा पडदा सरकवायला सांगितला. तुझं नाव काढलं नाही. मी वाट बघत होते.

तरी मला त्यांची आठवण येते. टेबलाशी त्यांची खुर्ची मी अजून सरकवलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांतली कुठलीही टाकता येत नाही.

तर काल, टेबलाशी. भावजी म्हणाले, "दादानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. तुम्ही तिथं होता. होता की नाही, सांगा."

मी म्हटलं, "होते. ते म्हणाले."

"मग झालं तर."

फाल्कांव थांबले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण ते घाईत नव्हते. मी त्यांना पोर्तुगीजमध्ये सांगितलं, ऊमा फील्या. एक मुलगी.

दीपानं हातातला पेला खाली ठेवला. भावजी म्हणाले, "वहिनी." एवढंच.

फाल्कांवांनी नाव विचारलं. आश्लेषा म्हणायला त्यांना जमेना, तीनदा म्हणून घेतलं. लग्न? झालंय. तेव्हा भावजी इंग्रजीत म्हणाले, तिचा नवरा कोण ते पण सांगा ना त्यांना. आमच्या मुंडकाराचा नातू, ज्यांनी आमच्या मंचिली वाहिल्या. मी म्हटलं, हो, खरं आहे. फाल्कांव म्हणाले, मुलीच्या नवऱ्यावर काही अवलंबून नसतं. आणि विचारलं, त्यांना मूल?

मी म्हटलं, आहे, रुही. त्यांनी जन्मतारीख विचारली. मला महिना ठाऊक होता. तारीख ठाऊक नव्हती. काल दिवसभरात माझी मान खाली गेली ती तेवढ्यापुरती.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. भिंग खिशात ठेवलं, खतखत्याचे आभार मानले. भाचीची गाडी आली तेव्हा दारापर्यंत मी पोचवायला गेले. म्हणाले, मुलीला यात रस नसेल तर तसं कळवू दे, मग तुमच्या दिरांचा विचार होईल. पण ते मुलीनं सांगायचं.

तुला किताब नकोच असणार, हे मी ओळखते. मलाही तो तुझ्या गळ्यात घालायचा नाही. नको असेल तर नको म्हण, काकांना घेऊ दे, त्यांची हौस आहे आणि ते माणूस म्हणून वाईट नाहीत. पण नको म्हणायला तू आहेस, एवढं मला सांगायचं होतं.

ते गेल्यावर दीपा भांडी आवरू लागली, मी राहू दे म्हटलं. भावजी बाबांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. शेवटी म्हणाले, "मरणाऱ्याचा शब्द मोडलात तुम्ही."

मी म्हटलं, "मोडला."

"आम्ही तुमच्यासाठी काय कमी केलं?"

"काही कमी केलं नाही, भावजी. ते सगळं मला ठाऊक आहे."

"मग ही कोण तुमची? फोनसुद्धा न उचलणारी?"

ते मला विचारत होते की स्वतःला, कळलं नाही. मी म्हटलं, "माझी मुलगी आहे. तिनं फोन उचलला नाही तरी आहे." ते आत गेले आणि बॅग भरली. आज सकाळचं विमान होतं, पण ते कालच विमानतळाजवळच्या हॉटेलात गेले. मी दशम्या केल्या होत्या, त्या डब्यात भरून पुढं केल्या. दीपानं भावजींकडे पाहिलं आणि घेतल्या. दारात ती म्हणाली, "रविवारी वाट बघू नका, वहिनी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती मला नुसतं सांगून ठेवत होती.

आज रविवार. फोन आला नाही. तो येण्याच्या वेळेला मी मुद्दाम बाहेर गेले आणि पटेलबाईंच्या टोमॅटोंना पाणी घातलं. परत आले तर मशीनवर दिवा नव्हता. तुझा फोटो कपाटातून काढून परत मेजावर ठेवला आहे.

पत्र इथं थांबवते. उद्या पोस्टात टाकीन.

•

सोमवार, ११ जून

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, गरज पडली तर कोणाला कळवायचं, टेक्सासचं तेच नाव ठेवू का? मी नको म्हटलं. तुझं नाव सांगितलं, अक्षरं एकेक करून. तुझ्या बेलव्ह्यूच्या घरचा नंबर दिला. नातं काय, तिनं विचारलं. मुलगी, मी म्हटलं. मग बाहेर येऊन पोस्टाची पेटी शोधली.

तुझी आई,
सुनेत्रा